लोहयुक्त मिठाचा पुडा: स्वयंपाकघरातून आतड्यापर्यंत

किराणा दुकानात साध्या आयोडीनयुक्त मिठाच्या शेजारी अलीकडे ‘डबल फोर्टिफाइड’ असे लिहिलेला पुडा दिसू लागला आहे. आयोडीनच्या जोडीला त्यात लोह मिसळलेले असते, पुढच्या बाजूला निळे ‘प्लस एफ’ चिन्ह छापलेले असते आणि किंमत साध्या मिठापेक्षा किलोमागे काही रुपये जास्त असते. आमच्या घरी हे मीठ आता रोजच्या स्वयंपाकात आहे. परीक्षण या प्रकारच्या मिठाचे आहे, एका कंपनीचे नाही. म्हणून ब्रँडचे नाव देत नाही. माझे मत आधीच सांगते. हे मीठ घेण्यासारखे आहे, चवीला त्याचा त्रास नाही. परंतु पुड्यावर लोहाचा जो आकडा छापलेला असतो तो पुड्यातल्या लोहाचा असतो, रक्तात पोहोचणाऱ्या लोहाचा नसतो. या दोहोंमधले अंतर आपल्या ताटात बाकी काय वाढले आहे यावर ठरते, आणि त्याबद्दल पुड्यावर अवाक्षरही नाही.

आधी दाव्याचा हिशोब पाहू. मी आणलेल्या पुड्यावर हे मीठ रोजच्या लोहाच्या गरजेचा ‘निम्म्यापर्यंत’ वाटा भरून काढते असे लिहिले आहे. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार लोहयुक्त मिठात दर दहा लाख भागांत ८५० ते १,१०० भाग लोह असावे लागते. म्हणजे एका किलोत साधारण एक ग्रॅम आणि एका ग्रॅम मिठात साधारण एक मिलिग्रॅम लोह. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे सांगते. तेवढ्या मिठातून पाच मिलिग्रॅम लोह मिळेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली दिलेल्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाच्या रोजच्या आहारात १९ मिलिग्रॅम आणि प्रौढ स्त्रीच्या आहारात २९ मिलिग्रॅम लोह असावे. म्हणजे पाच ग्रॅम मिठातून पुरुषाची सुमारे एक चतुर्थांश गरज भागते आणि स्त्रीची जेमतेम एक षष्ठांश. निम्मी गरज भागवायची असेल तर पुरुषाने साडेनऊ ग्रॅम आणि स्त्रीने जवळजवळ पंधरा ग्रॅम मीठ खायला हवे. पुड्यावरचे वाक्य खोटे नाही, पण ते शिफारशीच्या दुप्पट मीठ खाणाऱ्या पुरुषाला लागू पडते. ज्या बाईच्या नावाने ही सगळी खटपट चाललेली असते, तिला ते लागू पडत नाही.

तरीही आकडा लहान आहे म्हणून मी या मिठाला नापास करणार नाही, कारण लोहाच्या बाबतीत लहान आकड्यांनाच महत्त्व आहे. माणसाच्या शरीरात एकूण तीन ते चार ग्रॅम लोह असते आणि त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असतो. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. ती मोडली की तिच्यातले लोह शरीर पुन्हा कामाला लावते, आणि असे वीस ते पंचवीस मिलिग्रॅम लोह रोज आतल्या आत फिरत राहते. बाहेरून आणावे लागते ते केवळ झिजेपुरते: पुरुषाला दिवसाला सुमारे एक मिलिग्रॅम आणि मासिक पाळी येणाऱ्या स्त्रीला त्याहून जास्त, दीड-दोन मिलिग्रॅम. एवढ्यासाठी आहारात २९ मिलिग्रॅम का हवे, असा प्रश्न इथे कोणालाही पडेल. आपल्या धान्य-डाळींच्या जेवणातले बहुतेक लोह शरीर उचलतच नाही. शिफारशीचा आकडा काढताना जेमतेम आठ टक्के शोषण गृहीत धरलेले आहे. तोच हिशोब मिठाला लावला तर पाच मिलिग्रॅममधले ०.४ मिलिग्रॅम रक्तात जाईल. खऱ्या गरजेच्या तुलनेत हा वाटा दखल घ्यावी इतका आहे, आणि तो रोज, वेगळी आठवण न ठेवता मिळतो.

मात्र हे आठ टक्के सगळ्यांना सारखे नसतात. जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात नसल्यामुळे सगळा बंदोबस्त आत घेतानाच करावा लागतो. लहान आतड्याच्या पहिल्या भागातल्या पेशी अन्नातले लोह उचलतात, पण उचललेले सगळे लोह त्या लगेच रक्ताच्या स्वाधीन करत नाहीत. यकृतातून हेपसिडिन नावाचे संप्रेरक स्रवते. शरीरातला साठा पुरेसा असला की त्याचे प्रमाण वाढते आणि पेशीतून रक्तात जाणारी वाट बंद होते. लोह मग पेशीतच अडकून राहते आणि काही दिवसांनी ती पेशी झडली की तिच्याबरोबर विष्ठेवाटे निघून जाते. साठा कमी असला की याच्या उलट घडते. त्यामुळे एकाच पातेल्यातली आमटी खाऊनही पांढरीफटक पडलेली मुलगी तिच्या वडिलांपेक्षा बरेच जास्त लोह उचलते. घरातल्या सर्वांना एकच मीठ घालताना मला जी धास्ती वाटत होती, ती हे समजल्यावर बरीच कमी झाली. याच यंत्रणेचा एक तोटाही आहे. अंगात ताप किंवा दीर्घकाळचा जंतुसंसर्ग असला की हेपसिडिन वाढते, आणि अशा दिवसांत मीठच काय, गोळीतले लोहही नीट लागू पडत नाही.

आता ताटाकडे वळू. अन्नातले लोह दोन रूपांत येते. मटण, कलेजी, मासळी यांच्यातले बरेचसे लोह हीम या चौकटीत अडकवलेले असते. ती चौकट अख्खीच्या अख्खी पेशीत जाते, तिला भाकरीतल्या फायटेटचा (धान्य-कडधान्यांतल्या, लोह धरून ठेवणाऱ्या द्रव्याचा) किंवा चहातल्या टॅनिनचा (तुरट द्रव्याचा) फारसा अडथळा होत नाही, आणि त्यातले १५ ते ३५ टक्के लोह शोषले जाते. धान्ये, कडधान्ये, पालेभाज्या, गूळ, लोखंडी तवा आणि हे मीठ या सर्वांतून येणारे लोह दुसऱ्या प्रकारचे असते. ते जठरातल्या आम्लात सुटे होते आणि तिथे एकत्र मिसळते. कोणते लोह बाजरीतून आले आणि कोणते मिठातून आले हा भेद तिथे उरत नाही. जेवणात शोषणाला मदत करणारा पदार्थ असला तर सगळ्यांचे भले होते, अडवणारा असला तर सगळेच अडकते. या मिठाबद्दल माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. मीठ कधीच एकटे खाल्ले जात नाही, त्यामुळे त्यातल्या लोहाचा स्वतंत्र असा शोषणाचा दर असूच शकत नाही. ते ज्या जेवणात पडते त्या जेवणाचा दर त्याला लागतो.

आमच्याकडची सकाळची न्याहारी पाहा. कांदेपोह्यांत हे मीठ घातले, वरून लिंबू पिळले, इथपर्यंत उत्तम, कारण क जीवनसत्त्व लोहाला आतड्याला उचलता येईल अशा रूपात आणते आणि फायटेटच्या तावडीतून बऱ्याच अंशी सोडवते. लिंबू ताटात पिळलेले असल्यामुळे ते जीवनसत्त्व उष्णतेने नाहीसेही झालेले नसते. पण पोह्यांची बशी संपायच्या आत चहाचा कप येतो. स्वीडनमधल्या हॉलबर्ग आणि रोसँडर या संशोधकांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकाच जेवणाबरोबर वेगवेगळी पेये देऊन शोषण मोजले होते: चहाने ते ६२ टक्क्यांनी घटले, कॉफीने ३५ टक्क्यांनी घटले आणि संत्र्याच्या रसाने ८५ टक्क्यांनी वाढले. त्यांचे जेवण हॅम्बर्गरचे होते, पोह्यांचे नव्हते, म्हणून हे आकडे जसेच्या तसे आपल्याला लावता येणार नाहीत. पण दिशा तीच राहते. पोहे आणि चहा यांच्यात तासाभराचे अंतर ठेवले तर हा अडथळा पुष्कळ कमी होतो. महाराष्ट्रात ही सूचना अमलात आणणे किती अवघड आहे याची मला पूर्ण कल्पना आहे. सासूबाईंना मी ती अद्याप सांगितलेली नाही.

दुपारच्या डब्यातली पोळी आणि कोरडी भाजी हे या मिठाच्या दृष्टीने सर्वांत कमकुवत जेवण म्हणावे लागेल. गव्हाच्या कोंड्यातले फायटेट लोहाला घट्ट धरून ठेवते आणि त्याला सोडवणारे डब्यात काही नसते. डब्यात लिंबाची फोड किंवा पाठोपाठ एक पेरू असला तरी चित्र बदलते. रात्रीच्या भाकरीबद्दलही तेच म्हणता येईल. बाजरीत १०० ग्रॅममागे ६.४ मिलिग्रॅम लोह असते, म्हणजे तांदळाच्या जवळजवळ दहापट, आणि म्हणून बाजरी खा असे सर्रास सांगितले जाते. परंतु बाजरीत फायटेट आणि पॉलिफेनॉलही (टॅनिन ज्या वर्गात मोडते ती द्रव्ये) भरपूर असतात आणि ते स्वतःच्या लोहाबरोबर मिठातले लोहही अडकवून ठेवतात. मोड आलेल्या मटकीची उसळ आणि आंबवलेल्या पिठाची आंबोळी यांत फायटेट काही प्रमाणात मोडलेले असते, त्यामुळे तिथे हे मीठ अधिक सार्थकी लागते. लसूण आणि कांदा यांमुळे धान्य-कडधान्यांतले लोह अधिक सुटे होते असे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या प्रयोगांत दिसले आहे. ते प्रयोग काचेच्या उपकरणांतले होते, माणसांवरचे नव्हते, पण लसणाची फोडणी द्यायला मला तेवढे निमित्त पुरते. सर्वांत चांगला योग मात्र मासे खाणाऱ्या घरांत जुळतो. बांगड्याच्या कालवणातले स्वतःचे हीम लोह तर उपयोगी पडतेच, पण मासळीमुळे त्याच जेवणातले दुसऱ्या प्रकारचे लोहही जास्त शोषले जाते; म्हणजे कालवणात घातलेले हे मीठ साध्या वरणात घातलेल्या मिठापेक्षा अधिक काम करते.

चवीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. खारटपणा नेहमीइतकाच आहे, जिभेवर गंजाची किंवा धातूची चव येत नाही, आणि घरात कोणाला सांगितल्याशिवाय बदल कळला नाही.

रंगाबद्दल मात्र लिहायला हवे, आणि त्यासाठी हे मीठ कसे बनते ते थोडे समजून घ्यावे लागते. लोह आणि आयोडीन एकमेकांच्या शेजारी सुखाने नांदत नाहीत. मिठात आयोडीन आयोडेट या संयुगाच्या रूपात घातलेले असते; दमट हवेत लोह त्या आयोडेटचे विघटन घडवते, आयोडीन उडून जाते आणि लोह पिवळे-तांबूस पडते; दोन्ही घटक एका पुड्यात घालून दोन्ही वाया घालवायचे, असा प्रकार होऊ शकतो. यावर दोन वेगळे उपाय निघाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने फेरस सल्फेट वापरून त्याला स्थिर ठेवण्यासाठी सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट नावाचे रसायन मिसळले. ही पद्धत स्वस्त आहे, पण मूळ मीठ कोरडे आणि स्वच्छ असावे लागते. टोरांटो विद्यापीठात लेव्हेंटे डिओसाडी यांच्या गटाने फेरस फ्युमरेटचे मिठाच्या कणाएवढे दाणे तयार केले आणि त्यांच्यावर पांढरे आवरण चढवले, म्हणजे लोह आवरणाच्या आत राहते, आयोडीनला शिवत नाही आणि पोत्याच्या तळाशीही जमत नाही. फेरस फ्युमरेट मुळात तांबूस तपकिरी असते. आवरण कुठे फुटले की मिठात बारीक गडद ठिपका दिसतो. ते पाण्यात फारसे विरघळत नाही पण जठरातल्या आम्लात विरघळते, आणि प्रौढांमध्ये त्याचे शोषण जवळजवळ फेरस सल्फेटइतकेच होते. ॲसिडिटीसाठी रोज गोळ्या घेणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की आम्ल कमी झाले की अशा लोहाची विरघळही कमी होते.

माझ्या पुड्यात असे ठिपके होते. दहीभातात आणि घावनाच्या पिठात ते डोळ्यांना दिसतात, आमटीत किंवा भाजीत दिसत नाहीत. खडा किंवा किडा समजून मीठ फेकून देण्याचे कारण नाही, पण कंपनीने मागच्या बाजूला एक ओळ छापली असती तर बरे झाले असते. पदार्थ काळवंडण्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे. लोह आणि पॉलिफेनॉल यांची गाठ पडली की काळसर निळा रंग तयार होतो. जुन्या काळी टॅनिनयुक्त मायफळ आणि हिराकस हा लोहाचा क्षार यांची शाई याच क्रियेने करत. म्हणून टॅनिन असलेल्या भाज्यांत, म्हणजे कच्च्या केळ्याच्या भाजीत आणि वांग्यात, रंग थोडा मळकट येतो; आवळ्याच्या लोणच्यात तो चांगलाच काळा पडला. हा रंग विषारी नसतो, पण तो दिसला की तेवढे लोह टॅनिनला जखडले गेले आणि बहुतांशी आपल्या उपयोगाचे राहिले नाही असे समजावे. शिवाय तेलाला खवटपणा लवकर येण्याला लोह हातभार लावते. लोणच्यासाठी हे मीठ वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे खडेमीठच योग्य.

आणखी एक बारीकशी गोष्ट मराठी स्वयंपाकघराला विशेष लागू पडते. कारल्याच्या चकत्यांना मीठ लावून त्यांचे पाणी पिळून टाकतो, चोचवलेली काकडी मीठ लावून पिळून घेतो. अशा वेळी विरघळलेले लोह आणि आयोडीन मोरीत जाते. तिथे साधे मीठ वापरावे. साठवणीला घट्ट झाकणाची बरणी हवी आणि चमचा कोरडा हवा. कोकणातल्या पावसाळ्यात उघड्या मिठाला जे पाणी सुटते, त्या पाण्यात लोह आणि आयोडीन यांचे भांडण पुन्हा सुरू होते.

मग या मिठाने खरोखर रक्त वाढते का? याचे उत्तर अभ्यास कुठे झाला त्यावर बदलते, आणि मला हा या विषयातला सर्वांत बोलका भाग वाटतो. पश्चिम बंगालमधल्या एका चहाच्या मळ्यात पाने खुडणाऱ्या स्त्रियांना सात-नऊ महिने असे मीठ घरच्या स्वयंपाकासाठी देण्यात आले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात साधे मीठ खाणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचे हिमोग्लोबिन डेसिलिटरमागे सरासरी ०.२४ ग्रॅमने अधिक वाढले आणि शरीरातला लोहाचा साठाही सुधारला. वाढ लहान आहे, पण ती सरासरी आहे, आणि ज्यांच्यात कमतरता मुळातच नव्हती अशाही स्त्रिया तीत धरलेल्या आहेत. याउलट बिहारच्या भोजपूर जिल्ह्यातल्या ४०० गावांत अभिजित बॅनर्जी, शॅरन बार्नहार्ट आणि एस्थर दुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी केलेल्या प्रयोगात हे मीठ दुकानांतून सवलतीत विकले गेले, काही गावांत फुकटही दिले गेले, आणि किशोरवयीन गट वगळता रक्तक्षयावर म्हणण्यासारखा परिणाम आढळला नाही. पुष्कळ घरांनी ते नियमितपणे वापरलेच नव्हते. त्याच राज्यातल्या जहानाबाद जिल्ह्यात हेच मीठ शाळेच्या माध्यान्ह भोजनात घातले गेले तेव्हा मुलांमधला रक्तक्षय सुमारे एक पंचमांशाने कमी झाला. मिठातले लोह तिन्ही ठिकाणी लोहच होते. फरक पडला तो ते रोज, न चुकता, पुरेशा प्रमाणात पोटात गेले की नाही याने. शाळेच्या पातेल्यात मीठ कोण निवडतो हा प्रश्न नसतो; घरात दुसरा, स्वस्त पुडा नेहमीच हाताशी असतो.

लोहासाठी पैसे खर्च करायचे तर बाजारात पर्याय कोणते आहेत, याकडेही थोडे पाहायला हवे. समृद्ध केलेल्या गव्हाच्या पिठात लोहाचे कोणते संयुग घातले आहे ते पुड्याच्या मागच्या बाजूला वाचावे. नियमांनुसार साधे फेरस क्षार किलोमागे २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लागतात, तर सोडियम आयर्न ईडीटीए हे संयुग वापरले तर त्याच्या निम्मे पुरते, कारण फायटेट असतानाही त्यातले लोह बऱ्यापैकी शोषले जाते. पोळीसारख्या फायटेटने भरलेल्या पदार्थासाठी ही निवड मिठापेक्षा हुशारीची आहे. रेशनच्या तांदळात मिसळलेल्या समृद्ध दाण्यांत फेरिक पायरोफॉस्फेट असते. त्याने भाताचा रंग बदलत नाही, पण ते विरघळायला अवघड असल्याने शोषणही कमी होते. रंग न बदलणारे लोह सहसा शोषायला अवघड आणि शोषायला सोपे लोह सहसा रंग बदलणारे, ही अडचण सगळ्याच उत्पादनांच्या मुळाशी आहे, आणि मिठातल्या ठिपक्यांकडे मी म्हणूनच जरा सहानुभूतीने पाहते. महाराष्ट्रापुरता आणखी एक पर्याय आहे तो धनशक्ती या बाजरीच्या वाणाचा. इक्रिसॅट या संस्थेच्या आयसीटीपी ८२०३ या वाणातून निवड करून तो काढला गेला. महाराष्ट्रातल्या वसतिगृहांत राहणाऱ्या १२ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना या बाजरीची भाकरी रोज दोन्ही वेळा देऊन केलेल्या अभ्यासात चार महिन्यांत त्यांचा लोहाचा साठा साध्या बाजरीपेक्षा अधिक सुधारला. अडवणारे घटक असूनही मूळ लोह पुरेसे वाढवले तर फरक पडतो, हे त्यातून दिसते. अडचण इतकीच की शहरातल्या गिरणीत किंवा दुकानात ‘धनशक्ती’ असे लिहिलेले पोते मला अद्याप मिळालेले नाही.

गुळाची मात्र मी शिफारस करणार नाही. जुन्या पोषण तक्त्यात गुळातले लोह १०० ग्रॅममागे ११.४ मिलिग्रॅम दाखवले होते, २०१७ च्या तक्त्यात ते ४.६ च्या आसपास उतरले आहे, आणि कोणी रोज १०० ग्रॅम गूळ खाऊ नये हे सांगायला तक्ता लागत नाही.

औषधाच्या गोळीला हे मीठ पर्याय नाही. गरोदर स्त्रियांना सरकारी दवाखान्यांतून मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते, म्हणजे पाच ग्रॅम मिठाच्या बारापट. हिमोग्लोबिन खाली गेलेल्या बाईने डॉक्टरांनी दिलेली गोळी थांबवून मीठ बदलले तर ते धोक्याचे ठरेल. पण एका बाबतीत मिठाची बाजू वरचढ आहे. झुरिचमधल्या अभ्यासांत असे दिसले आहे की ६० मिलिग्रॅम किंवा त्याहून मोठी मात्रा घेतली की हेपसिडिन वाढते आणि पुढच्या दिवशीच्या मात्रेचे शोषण घटते. जेवणागणिक एक-दोन मिलिग्रॅम देणाऱ्या मिठाने तसा गडबडून टाकणारा धक्का शरीराला बसत नाही, पोट बिघडत नाही आणि बद्धकोष्ठही होत नाही. गोळी कमतरता भरून काढते आणि मीठ ती पुन्हा होऊ नये म्हणून टेकू देते, अशी कामाची वाटणी मला पटते.

काहींनी हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. थॅलॅसेमिया हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार असलेल्या रुग्णांत लोह आत घेण्यावरचा लगाम ढिला पडलेला असतो आणि वारंवार रक्त चढवल्यामुळे अंगात लोह आधीच साठलेले असते. माझ्या पुड्यावर तशी सूचना आहे, पण अक्षरे इतकी बारीक की ती वाचायला चष्मा लागतो. रक्तदाब असलेल्यांनी लोहाच्या लोभाने मीठ वाढवू नये, हे तर उघडच आहे. आणि प्रत्येक रक्तक्षय लोहाचा नसतो. २०१९ ते २०२१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या; त्यांतल्या काहींच्या बाबतीत मूळ दुखणे बी-१२ किंवा फोलेटच्या कमतरतेचे असणार. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने बी-१२ च्या कमतरतेकडे अनेक वर्षांपासून लक्ष वेधले आहे, आणि त्या कमतरतेवर लोहयुक्त मीठ काहीच करू शकत नाही. शक्य असेल तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासून घ्यावे, म्हणजे साठ्यात खरोखर किती लोह आहे ते कळते.

आमच्या घरी आता मिठाच्या दोन बरण्या आहेत. ओट्यावरच्या बरणीत हे लोहयुक्त मीठ असते आणि आमटी, भाजी, उसळ, कालवण, पोहे यांत तेच पडते. फळीवरच्या बरणीतले साधे मीठ कारल्याला, काकडीला आणि लोणच्याला. पुढच्या महिन्याचा पुडाही याच प्रकारचा आणणार आहे, मात्र मिठाच्या यादीखाली आता लिंबे आणि पेरूही लिहिले जातात. गुण द्यायचे तर मिठाला पाचपैकी साडेतीन आणि पुड्यावरच्या मजकुराला दीड.